प्राध्यापकाची सही

गेल्या महिन्यातील एका रविवारी जेवणे आटोपल्यावर आमच्या घरात जो वाद माजला, त्याचा वृत्तान्त वाचकांस सांगावा की नाही, ह्याचा आम्ही बरेच दिवस विचार करीत होतो. घरातले बोलणे चव्हाट्यावर नेऊ नये, असा आमच्या मातोश्रींचा दंडक आहे. परंतु तो प्रश्न आता एका आमच्याच घरचा राहिलेला नाही. ज्या घरात एक मुलगा कॉलेजात शिकवीत आहे आणि एक मुलगी कॉलेजात शिकत आहे, अशा प्रत्येक घरात तो आज ना उद्या उभा राहणार. म्हणून मातोश्रींची परवानगी घेऊनच आम्ही लेखणी हाती धरली आहे.

प्रसंग असा. आमचा पुतण्या एका कॉलेजात इतिहासाचा प्राध्यापक आहे. तेथील वसतिगृहाचे शुल्क वर्षाच्या मध्येच वाढविण्यात आले, म्हणून विद्यार्थ्यांनी चळवळ सुरू केली. प्रथम अर्ज झाले, मग सभा झाल्या, आणि शेवटी काही मुले ग्रंथालयाच्या दारात ठाण मांडून बसली. अधिकाऱ्यांनी आठ विद्यार्थ्यांस, त्यांचे म्हणणे ऐकून न घेताच, निलंबित केले. त्यावर काही प्राध्यापकांनी एक कडक पत्रक लिहून ते वर्तमानपत्रांकडे धाडण्याचे ठरविले आणि आमच्या पुतण्याकडे सही मागितली. त्याने दोन दिवसांची मुदत मागून घेतली व तो कागद खिशात घालून तो घरी आला.

आमचे थोरले बंधू सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले आहेत. त्यांनी चष्मा लावून तो कागद दोनदा वाचला आणि घडी घालून परत दिला. "ज्या संस्थेच्या पगारावर हे घर चालते, तिच्याविरुद्ध वर्तमानपत्रात नाव छापून आणावयाचे, हे मला तरी पटत नाही. तुला जे सांगावयाचे असेल ते प्राचार्यांच्या खोलीत जाऊन सांग." कॉलेजच्या दुसऱ्या वर्षात असलेली आमची पुतणी उसळून म्हणाली, "अण्णा, खोलीत सांगितलेले मुलांना कसे ऐकू येणार? दादा वर्गात स्वातंत्र्याच्या चळवळी शिकवतो. त्या काय प्राचार्यांच्या खोलीत झाल्या?" वहिनी काही बोलल्या नाहीत, परंतु घराच्या कर्जाचे हप्ते अजून किती राहिले आहेत, हे त्यांच्या चेहऱ्यावर वाचता येत होते. शेवटी पुतण्या आमच्याकडे वळला. "काका, तुम्ही दर महिन्याला परक्या लोकांना सल्ला देता. आज घरच्याला द्या."

त्या वेळी आम्हांस उत्तर सुचले नाही, हे प्रांजळपणे कबूल केले पाहिजे. ते दोन दिवस आम्ही कपाटातील पुस्तके खाली काढून, असाच पेच पूर्वी कोणाकोणापुढे पडला होता आणि त्यांनी काय केले, हे पाहण्यात घालविले. त्यातून जे हाती लागले तेच आजच्या लेखाचे भांडवल.

पहिली आठवण झाली ती आपल्या पुण्याचीच. १९०५ साली वंगभंगाविरुद्ध देशभर खळबळ उडाली, आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरात पुण्यात विलायती कपड्यांची होळी झाली. तीत पुढाकार होता फर्ग्युसन कॉलेजचे विद्यार्थी विनायक दामोदर सावरकर ह्यांचा. कॉलेजचे प्राचार्य रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे ह्यांनी सावरकरांना दहा रुपये दंड केला आणि वसतिगृहातून काढून टाकले. 'केसरी'ने 'हे आमचे गुरूच नव्हेत' असा मथळा घालून अशा शिक्षकांवर जी आग पाखडली, ती महाराष्ट्र अद्यापि विसरलेला नाही. त्या टीकेला विशेष धार होती, कारण 'केसरी'कार टिळक हे स्वतः डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या संस्थापकांपैकी एक होते आणि १८९० साली सोसायटीतून बाहेर पडण्यापूर्वी त्यांनी तेथे शिकविलेही होते.

तथापि परांजप्यांना सरकारचे हस्तक म्हणून बाजूस सारणे हा अन्याय होईल. १८९९ साली केंब्रिजला सीनियर रँग्लर झालेला हा पहिला भारतीय. त्यांना मोठ्या पगाराच्या जागा सहज मिळाल्या असत्या. त्या सोडून ते लोकांच्या वर्गणीवर उभ्या राहिलेल्या संस्थेत तुटपुंज्या वेतनावर शिकवावयास आले. त्यांच्यापुढचे भयही काल्पनिक नव्हते. त्याच ऑक्टोबर महिन्यात बंगाल सरकारच्या कार्लाइल परिपत्रकाने, ज्या संस्थांचे विद्यार्थी चळवळीत पडतील त्यांचे अनुदान काढून घेण्याची धमकी दिली होती. संस्था बुडाली तर शेकडो मुलांचे शिक्षण बुडेल, हा हिशेब कोणत्याही प्राचार्याच्या मनात येणारच. आमच्या थोरल्या बंधूंचा हिशेबही ह्याच जातीचा आहे आणि तो आम्ही तुच्छ मानीत नाही.

परंतु ह्या उदाहरणातून एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. सूचनाफलकावर लावलेली शिक्षा ही देखील एक जाहीर भूमिकाच असते. ती लावताना 'आम्ही राजकारणात पडत नाही' असे कितीही म्हटले तरी पाहणाऱ्यांस बाजू दिसतेच. आणि त्या सूचनेखाली सही एकट्या प्राचार्यांची असली, तरी जे बाकीचे शिक्षक गप्प राहतात त्यांचीही नावे मुले तेथे मनातल्या मनात वाचीत असतात.

मग प्राध्यापकांनी गप्प न राहता, एकत्र बसून, मते मोजून बोलावयाचे ठरविले तर काय होते? ह्याचे पूर्ण उदाहरण आम्हांस सातासमुद्रापलीकडे, अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत सापडले. त्या विद्यापीठाला सहीची किंमत आधीच कळून चुकली होती. १९४९ साली, कम्युनिस्टांच्या भयाने, तेथील नियामक मंडळाने प्रत्येक प्राध्यापकाने राजनिष्ठेच्या एका खास शपथेवर सही केली पाहिजे असा हुकूम काढला. ज्यांनी सही करावयाचे नाकारले अशा ३१ जणांना ऑगस्ट १९५० मध्ये कामावरून काढण्यात आले. १९५२ साली त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल त्यांच्या बाजूने दिला. पण तोवर काही नामांकित विद्वान विद्यापीठ सोडून गेले होते.

ह्यानंतर बारा वर्षांनी, १९६४ च्या सप्टेंबरात, बर्कलीच्या अधिकाऱ्यांनी एक साधीशी दिसणारी सूचना काढली. विद्यापीठाच्या फाटकापाशी सव्वीस फूट रुंदीच्या फरसबंदीवर विद्यार्थी टेबले मांडून पत्रके वाटीत आणि दक्षिणेकडील कृष्णवर्णीयांच्या हक्कांच्या चळवळीसाठी पैसे गोळा करीत. ते यापुढे बंद करावे, एवढेच त्या सूचनेत होते. मुलांनी टेबले आतल्या चौकात आणून मांडली. १ ऑक्टोबरला टेबलाशी बसलेल्या एका माजी विद्यार्थ्याला पोलिसांनी पकडून गाडीत घातले, तेव्हा शेकडो मुले त्या गाडीभोवती खाली बसली. गाडी ३२ तास जागची हलू शकली नाही. त्या गाडीच्या टपावर चढून भाषणे झाली. मारिओ सावियो हा तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी चढण्यापूर्वी पायांतले बूट काढून चढला, कारण पोलिसांच्या गाडीला चरा पडू नये. ही गोष्ट वाचून आमच्या मातोश्री म्हणाल्या, "मुलगा घरचा चांगला दिसतो."

विद्यापीठाचे अध्यक्ष क्लार्क कर हे स्वतः मजुरांच्या तंट्यांत तडजोड घडवून आणणारे नाणावलेले प्राध्यापक. १९५० च्या शपथप्रकरणी ते सही न करणाऱ्यांची हकालपट्टी होऊ नये असे म्हणणाऱ्यांत होते. ह्या खेपेसही त्यांनी तडजोड केली; परंतु पुढे तिच्या अर्थावरून पुन्हा बेबनाव झाला. ह्या दोन महिन्यांत काही थोड्या प्राध्यापकांनी मध्यस्थी केली, बहुतेक आपापल्या कामांत राहिले. नोव्हेंबरच्या शेवटी सावियो व त्याच्या काही सहकाऱ्यांवर ऑक्टोबरातल्या जुन्या कृत्यांबद्दल नव्याने शिस्तभंगाची कारवाई सुरू झाली, आणि २ डिसेंबरला हजाराहून अधिक विद्यार्थी कचेरीच्या इमारतीत जाऊन बसले. राज्यपालांच्या हुकमावरून रात्री पोलीस आले आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत सुमारे आठशे जणांना, पुष्कळांना जिन्यावरून ओढीत, बाहेर काढून अटक करण्यात आली.

हे ज्यांनी डोळ्यांनी पाहिले त्या प्राध्यापकांना मग आपल्या खोल्यांत बसवेना. त्यांनी जामिनासाठी पैसे गोळा केले. कित्येक जण स्वतःच्या गाड्या घेऊन तुरुंगाच्या दाराशी गेले आणि मुलांना घरी घेऊन आले. ७ डिसेंबरला विभागप्रमुखांनी अध्यक्षांशी मसलत करून ठरविलेली तडजोड खुल्या नाट्यगृहात हजारो लोकांसमोर वाचून दाखविण्यात आली. विद्यार्थ्यांना तीत विचारलेच नव्हते. सभा संपताना सावियो ध्वनिक्षेपकाकडे गेला, तर पोलिसांनी त्याला सर्वांदेखत ओढीत मागे नेले. खोलीत ठरलेली तडजोड कितीही समंजस असो, ती त्या एका दृश्याने वाहून गेली. आमच्या थोरल्या बंधूंच्या मुद्द्याचे उत्तर आम्हांस येथे मिळाले. खोलीत सांगावे हे खरे, परंतु ज्यांच्याविषयी सांगावयाचे त्यांना बाहेर ठेवून नव्हे.

दुसऱ्या दिवशी, ८ डिसेंबर १९६४ रोजी, प्राध्यापकांची विद्वत्सभा भरली. तिच्यापुढील ठराव मोजूनमापून लिहिलेला होता. सभा कोठे, केव्हा व कशा रीतीने घ्यावी ह्याबद्दल विद्यापीठाने वाजवी नियम करावेत, म्हणजे अभ्यासात व्यत्यय येणार नाही. परंतु बोलण्याच्या आशयावर विद्यापीठाने बंधन घालू नये. त्या दिवसापूर्वीच्या कृत्यांबद्दल कोणास विद्यापीठाने शिक्षा करू नये. आणि यापुढे राजकीय कृत्यांबद्दल शिस्तीचा प्रश्न आला तर तो प्राध्यापकांनी नेमलेल्या समितीपुढे यावा. लुईस फॉयर ह्या प्राध्यापकांनी उपसूचना मांडली की, जे बोलणे तत्काळ बळजबरीस अथवा हिंसेस प्रवृत्त करते त्याला हे संरक्षण असू नये. तिजवर कसून चर्चा झाली आणि ती २८४ विरुद्ध ७३७ मतांनी फेटाळली गेली. मूळ ठराव ८२४ विरुद्ध ११५ मतांनी संमत झाला. बाहेर थंडीत हजारो विद्यार्थी कर्ण्यांवरून ही चर्चा ऐकत उभे होते. प्राध्यापक बाहेर पडू लागले तेव्हा मुलांनी दोन्ही बाजूंस सरकून वाट केली व टाळ्यांच्या कडकडाटात त्यांना जाऊ दिले.

येथेच कथा संपवावी असा मोह कोणासही होईल. परंतु तसे करणे सत्याला धरून होणार नाही. नियामक मंडळाने १८ डिसेंबरला, राज्यघटनेने दिलेल्या भाषणस्वातंत्र्यापलीकडे बंधने घालणार नाही असे मान्य केले. मात्र शिस्तीचा अधिकार प्राध्यापकांच्या हाती सोपविला नाही. बाहेरच्या मतदारांना हा सारा प्रकार बिलकुल आवडला नव्हता. १९६६ साली बर्कलीची घडी बसवून देण्याचे वचन देऊन रोनाल्ड रेगन राज्यपाल निवडून आले, आणि जानेवारी १९६७ मध्ये क्लार्क करना अध्यक्षपदावरून दूर करण्यात आले. ज्या माणसाने दोन्ही बाजू सांभाळण्याचा प्रयत्न केला, तोच शेवटी दोन्हींकडून गेला. प्राध्यापकांच्या भूमिकेचे मोल असे पुढे पुष्कळ वर्षे, आणि कधी कधी दुसऱ्याच कोणास, द्यावे लागते.

आमच्या पुतणीला ८२४ हा आकडा फार आवडला. परंतु आमच्या मनात त्या आकड्यापेक्षा एकच माणूस अधिक घर करून बसला आहे. ४ मे १९७० रोजी, अमेरिकेतीलच ओहायो राज्यात, केंट येथील विद्यापीठात व्हिएतनामच्या युद्धाविरुद्ध चाललेल्या निदर्शनांवर सैनिकांनी १३ सेकंदांत ६७ गोळ्या झाडल्या. चार विद्यार्थी मेले, नऊ जखमी झाले; मेलेल्यांपैकी दोघे तर नुसते वर्गाकडे चालले होते. त्यानंतर शोकाने व संतापाने बेभान झालेली शेकडो मुले टेकडीच्या उतारावर बसून राहिली. सैनिक पुन्हा सज्ज होते. तेव्हा ग्लेन फ्रँक नावाचे भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक मध्ये आले. त्यांनी सैन्याच्या अधिकाऱ्यांकडे थोडा वेळ मागून घेतला, आणि मग मुलांपुढे उभे राहून, अक्षरशः रडत, येथून उठा, नाहीतर तुमची कत्तल होईल, अशी विनवणी केली. मुले उठली. त्या दिवशी आणखी रक्त सांडले नाही ह्याचे श्रेय आजवर ज्यांना दिले जाते त्यांत हे नाव अग्रभागी आहे. मुलांनी त्यांचे का ऐकले? आम्हांस वाटते, ह्याचे कारण त्या मिनिटात नव्हते. रोज खडक व खनिजे शिकविणाऱ्या ह्या मास्तरांना आपण मेलो तर खरोखरच दुःख होईल, अशी त्यांची खात्री आधीच पटलेली असली पाहिजे. ती खात्री ऐन वेळी पत्रक काढून मिळत नाही.

दोन दिवसांनी पुतण्याशी आमचे जे बोलणे झाले ते थोडक्यात असे. वसतिगृहाचे शुल्क किती असावे, हे इतिहासाच्या प्राध्यापकास कदाचित सांगता येणार नाही. परंतु ऐकून घेतल्यावाचून शिक्षा करू नये, हे त्याला नक्की सांगता येते. उत्तरपत्रिका न वाचता गुण देणाऱ्या परीक्षकास तो स्वतः काय म्हणेल? तेवढ्या मुद्द्यावर त्याने उघड बोलावे, कारण तो त्याच्या धंद्यातला मुद्दा आहे. आणि बोलावयाचे तर दोन्हींकडे तोंड करून बोलावे. ग्रंथालयाच्या दारात बसलेल्या मुलांनी ज्यांना आत जाऊ दिले नाही तीही मुलेच होती, आणि त्यांच्यापैकी कित्येकांच्या घरी अभ्यासाला दुसरी जागा नाही. शिवाय वर्गात पाय ठेवताना ही सही दाराबाहेर ठेवावी. ज्याच्या हाती गुण आहेत त्याच्याशी असहमत होणे मुलांस आधीच जड जाते. आपल्या मताच्या विरुद्ध असलेल्या विद्यार्थ्याला त्याची धास्ती वाटू लागली, तर स्वातंत्र्याच्या नावाने त्याने एक नवा अधिकारीच उभा केला असे होईल.

त्याने ते कडक पत्रक परत केले आणि स्वतः तीन वाक्यांचा मसुदा लिहिला. आठही विद्यार्थ्यांची सुनावणी व्हावी. सुनावणी होईपर्यंत निलंबन थांबवावे. आणि विद्यार्थ्यांनी ग्रंथालयाचे दार मोकळे करावे. ज्या कागदावर चाळीस सह्या होणार होत्या, त्याच्या जागी ह्यावर अकराच झाल्या. अधिकाऱ्यांस तो बंडखोर वाटला आणि चळवळीतल्या मुलांस मिळमिळीत. एका विद्यार्थ्याने तर त्याच्या तोंडावर विचारले, "सर, तुम्ही नक्की कोणाचे?" त्याने उत्तर दिले, "तुमच्या वर्गाचा. सगळ्या वर्गाचा."

सहीची किंमत मात्र सर्वांस सारखी पडत नाही, हे त्याला ह्या निमित्ताने कळले आणि त्याच्यामुळे आम्हांलाही. त्याच्या विभागात एक तरुण बाई तासिका तत्त्वावर शिकवितात. जितके तास तितके पैसे, आणि पुढच्या वर्षीचे काहीच निश्चित नाही. पुतण्याने त्यांना कागद दाखविलाच नाही, त्यांच्याच हितासाठी. तो कागद त्यांनी दुसऱ्याकडून मागून घेतला, सही केली आणि त्याला म्हणाल्या, "सर, मला भिण्याचा हक्क आहे, पण माझ्या वतीने भिण्याचा हक्क तुम्हांला कोणी दिला?" अकरावी सही त्यांची. बर्कलीच्या ८२४ मतांविषयी आम्ही जेवढे वाचले, त्याहून अधिक ह्या एका वाक्याने आम्हांस विचार करावयास लावले आहे. ज्यांची नोकरी कायम आहे, त्यांनी गप्प बसण्याचे कारण सांगताना ह्या बाईंची आठवण ठेवावी.

सुनावणी झाली. पाच विद्यार्थ्यांचे निलंबन मागे घेतले गेले, तिघांचे तसेच आहे. शुल्क कमी झालेले नाही. ग्रंथालय उघडले आहे. पुतण्याला कार्यालयाकडून एक खुलासा मागणारे पत्र आले असून त्याचे उत्तर तयार करण्यास, नवल असे की, आमचे थोरले बंधूच बसले आहेत. सरकारी पत्रव्यवहारातील त्यांची चाळीस वर्षांची तालीम आता कामी येत आहे. "सही करावयास नको होती हे माझे मत कायम आहे," असे ते मसुदा लिहिता लिहिताही सांगतात, "पण केलीच आहे तर उत्तर नीट गेले पाहिजे." त्या तरुण बाईंना पुढील सत्राचे तास मिळतील की नाही, हे हा मजकूर छापखान्यात जाईपर्यंत कळलेले नाही.

मातोश्री ह्या साऱ्या वादात फारसे बोलल्या नव्हत्या. काल संध्याकाळी देवापुढे दिवा लावून झाल्यावर त्यांनी नातवाला हाक मारली आणि विचारले, "त्या राहिलेल्या तिघांची परीक्षा कधी आहे?" त्याने तारीख सांगितली. "मग तोवर त्यांचा अभ्यास कोण घेणार?" त्या म्हणाल्या. येत्या रविवारपासून ती तिन्ही मुले आमच्या माडीवर येणार आहेत.